क्रेडिट मिळालं, पण हात बसला का?

जुलैच्या सत्रासाठी ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावर नोंदणी करा, अशा सूचना कॉलेजांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरू लागल्या आहेत. एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तिथून करून त्यांचं क्रेडिट मिळवण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्येच दिली. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आणि हा विषय तालुक्याच्या कॉलेजच्याही दारात येऊन ठेपला. या धोरणातल्या मेजर-मायनर विषयांच्या गोंधळावर भरपूर लिहून झालं आहे. पडद्यासमोर बसलेला मुलगा शिकतो कसा, यावर मात्र फारसं कुणी बोलत नाही.

या प्रश्नावर मला सर्वांत झोंबलेला अभ्यास २०१९चा आहे. हार्वर्ड विद्यापीठात लुई डेलोरिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या पहिल्या पायरीच्या विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एका गटाला घोटीव, ओघवतं व्याख्यान मिळालं. दुसऱ्या गटाला तीच उदाहरणं आपसात चर्चा करून, अडखळत सोडवायला लावली. चाचणीत दुसरा गट पुढे राहिला. पण ‘आपण किती शिकलो’ असं विचारल्यावर व्याख्यान ऐकणाऱ्यांनी स्वतःला जास्त गुण दिले. सगळं सोपं वाटलं की समजलं असं वाटतं. डोकं शिणलं की काहीच कळलं नाही असं वाटतं. दोन्ही वेळा मन आपल्याला फसवतं.

रेकॉर्ड केलेलं व्याख्यान हा त्या ओघवत्या व्याख्यानाचाच पुढचा अवतार. ते थांबवता येतं, मागे नेता येतं, दुप्पट वेगानं पळवता येतं. पण ऐकणाऱ्याला ते काही करायला लावत नाही. ‘स्वयम्’वरच्या ‘एनपीटेल’ अभ्यासक्रमांच्या आखणीत यावर उपाय आहे. दर आठवड्याला असाइनमेंट, तिला २५ टक्के भार, आणि उरलेले ७५ टक्के केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला. आखणी चांगली आहे. अडचण एवढीच, की असाइनमेंट आली की तिची उत्तरं यूट्यूबवर आणि टेलिग्रामवर हजर असतात. मुलं ती उतरवतात आणि आठवड्याचा व्हिडिओ न बघताच राहून जातो. विद्यार्थ्यांच्या आळसावर हे ढकलणं सोपं आहे. पण ज्या कामाबद्दल वर्गात कुणी विचारणारच नाही, ते काम मन लावून कोण करील?

आपल्याच राज्यातलं एक काम इथे मला फार मोलाचं वाटतं. आयआयटी मुंबईतले रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी उभा केलेला ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्प. पायथन, सायलॅब, लाटेक, लिबरऑफिस अशी मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा मिनिटांचे धडे, अशी त्याची रचना. प्रत्येक धड्याची संहिता आधी लिहिली जाते आणि विषय न जाणणाऱ्या नवख्या माणसाकडून तपासून घेतली जाते. तो अडला, तर दोष संहितेचा. मग मराठीसह अनेक भारतीय भाषांत आवाज भरला जातो. पडद्यावरचे मेनू आणि आज्ञा मात्र इंग्रजीतच राहतात, कारण नोकरीच्या जागी मुलाला तेच दिसणार आहे. समजावणं आपल्या भाषेत आणि साधन बाजारात आहे तसं, ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला प्रोग्रॅमिंगचा धाक असतो. त्यातला मोठा वाटा इंग्रजी निवेदनाचा असतो, विषयाचा नव्हे.

खरी मेख मात्र बघण्याच्या पद्धतीत आहे. पडद्याच्या अर्ध्या भागात धडा, उरलेल्या अर्ध्यात सॉफ्टवेअर. निवेदक जे करील ते थांबून स्वतः करायचं, मगच पुढे जायचं. अडलात तर चर्चापीठावर प्रश्न टाकताना कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला अडलात तेही नोंदवायचं. तज्ज्ञ हजर नसला तरी कॉलेजच्या लॅबमध्ये कार्यशाळा चालावी, हा यामागचा विचार आहे. हात चालवल्याशिवाय धडा पुढे सरकतच नाही. पोहण्याचा व्हिडिओ पाण्यात उभं राहून बघण्यासारखं आहे हे.

२०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि हाच मुद्दा दसपट टोकदार झाला. इथेही हार्वर्डचाच दाखला आहे. तिथल्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी खास बांधलेल्या एआय शिक्षकाकडून विद्यार्थी वर्गापेक्षा कमी वेळात जास्त शिकले, आणि तुलनेचा वर्गही हातपाय हलवायला लावणाराच होता. मात्र त्या एआयला बजावलेलं होतं की उत्तर एकदम हाती द्यायचं नाही, एका वेळी एकच पायरी पुढे न्यायचं. आपल्या मुलांच्या मोबाइलमधलं एआय असं बांधलेलं नसतं. ‘प्रोजेक्ट करून दे’ म्हटलं की ते करून देतं. सबमिशन होतं, क्रेडिट जमा होतं, हात कोरा राहतो.

म्हणून तंत्रज्ञान चांगलं की वाईट, हा वाद मला निरुपयोगी वाटतो. ते विद्यार्थ्याचे कष्ट काढून घेतं की नेमक्या जागी आणून ठेवतं, एवढंच तपासावं. ते तपासायला माणूस लागतो, आणि आपल्याकडे नेमका तोच कमी पडतो आहे. राज्यातली कितीतरी कॉलेजं तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर चालतात. ऑनलाइन क्रेडिट वाढली की वर्गातले तास घटतील आणि तासांबरोबर आपली पदंही जातील, ही त्यांची भीती रास्त आहे. पैसे वाचवण्याचा मार्ग म्हणून ‘स्वयम्’ स्वीकारलं, तर ती खरीही ठरेल.

यावर उपाय अवघड नाही. ज्या कॉलेजात ऑनलाइन अभ्यासक्रमाचं क्रेडिट दिलं जातं, तिथे त्या प्रत्येक अभ्यासक्रमासाठी वेळापत्रकात आठवड्याला किमान एक तास असावा. त्या तासाला मुलांनी आठवड्याची असाइनमेंट फळ्यावर, सगळ्यांसमोर, मराठीतून बोलत सोडवावी. ‘ही पायरी कशी आली?’ असं शिक्षकानं विचारावं. आणि तो तास प्राध्यापकाच्या कार्यभारात पूर्ण धरावा, मानधनासह. हे मान्य नसेल, तर विद्यापीठांनी ४० टक्क्यांची मुभा वापरू नये.