तरवडीचे ‘दीनमित्र’ : खेड्यात छापलेली सत्तावन्न वर्षे

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास सांगायला बसले की बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’पासून निघायचे, ‘केसरी’पाशी थांबायचे आणि मुंबई-पुण्याच्या बाहेर फारसे पडायचे नाही, अशी आपली रीत आहे. नेवासे तालुक्यातले तरवडी हे गाव या रस्त्यावर लागत नाही. पण १९१० ते १९६७ एवढा काळ ‘दीनमित्र’ नावाचे साप्ताहिक खेड्यातून निघत होते आणि त्याचे संपादक मुकुंदराव पाटील त्याच खेड्यात राहत होते. शेतकऱ्यांविषयी लिहिणारी पत्रे तेव्हाही होती. शेतकऱ्यांच्या शेजारी बसून लिहिलेले आणि तिथेच छापलेले पत्र इतकी वर्षे टिकल्याचे दुसरे उदाहरण मला मराठीत दिसत नाही.

मुकुंदरावांना हा वारसा घरातूनच मिळाला. त्यांचे जन्मदाते वडील म्हणजे जोतीराव फुल्यांचे सहकारी कृष्णराव भालेकर. त्यांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात ‘दीनबंधू’ सुरू केले. सत्यशोधक समाज स्थापन होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. पैशाअभावी पुण्यात पत्र चालेना, तेव्हा १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत नेले. गिरणी कामगारांची संघटना बांधणारे ते हेच लोखंडे. पुढे ‘दीनबंधू’ वासुदेवराव बिर्जे यांच्याकडे आणि त्यांच्यानंतर तानूबाई बिर्जे यांच्याकडे आले. बाईने संपादकपद सांभाळल्याचे हे आपल्याकडचे अगदी सुरुवातीचे उदाहरण, आणि त्याचा उल्लेख अजून फार कमी होतो.

मुकुंदराव पाटलांच्या घरात दत्तक गेले होते. १९१० साली भालेकर वारले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुकुंदरावांनी सोमठाणे येथून ‘दीनमित्र’ काढले. नाव जुनेच होते, त्या नावाचे सत्यशोधकी मासिक आधी निघून बंद पडले होते. थोड्याच काळात पत्र तरवडीला आले आणि तिथलेच झाले.

खेड्यात छापखाना चालवणे म्हणजे काय, याची कल्पना आज संगणकावर पान लावणाऱ्याला येणे कठीण आहे. शिशाचा एकेक खिळा उलट्या अक्षरात ओळीला लावायचा. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे आली, म्हणजे इंग्रजीच्या कितीतरी पट खिळे आणि तितकेच कप्पे. मजकूर जुळला की कच्चा छाप काढून तपासायचा, मग पाने छापायची, आणि छपाई झाली की तेच खिळे पुसून पुन्हा आपापल्या कप्प्यात टाकायचे, कारण पुढच्या अंकाला तेच लागणार. कागद आणि शाई बाहेरून आणायची. पाऊसपाणी, सुगी, लग्नसराई काहीही असो, आठवडा भरला की अंक टपालात पडलाच पाहिजे.

तो वाचणार कोण? १९११ च्या जनगणनेत देशातली साक्षरता शंभरात सहाच्या आसपास होती. गावात एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, असाच तो काळ. मुकुंदरावांनी हे ओळखले होते, आणि मला त्यांची थोरवी इथेच दिसते. श्रावणात पारावर किंवा देवळात श्रीधरस्वामींचे ‘शिवलीलामृत’, ‘पांडवप्रताप’ लागायचे. खेड्यातल्या कानाला ओवीची चाल पाठ होती. मुकुंदरावांनी तीच ओवी उचलली आणि ‘कुलकर्णी लीलामृत’ लिहिले, ‘शेटजीप्रताप’ लिहिले. दप्तर ज्याच्या हाती त्याच्या हाती गाव, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला अनुभवाने ठाऊक होते. सावकाराची वहीही ठाऊक होती. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी १८७५ मध्ये सावकारांचे कर्जरोखे जाळले, ती आठवण अजून पुसली नव्हती. देवाचे माहात्म्य ऐकायला बसायची सवय असलेल्या माणसाला त्याच चालीत स्वतःच्या लुबाडणुकीची गोष्ट ऐकू आली, तर ती किती खोल जात असेल! कुलकर्णी वतनावरची ही चढाई एकाकी नव्हती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये हे वतन काढून पगारी तलाठी नेमले.

‘आसुडाचे फटके’ हे सदर ‘दीनमित्र’ची ओळख बनले. फुल्यांच्या आसुडाशी असलेले नाते त्यांनी लपवले नाही. भाषा रांगडी, नेम अचूक. काही ठिकाणी ती आज कठोर वाटते. पण ज्या गावावर लिहायचे त्याच गावात सकाळी उठून वावरायचे असेल, तर असे लिहायला निराळी छाती लागते. शहरातल्या संपादकाला ही परीक्षा द्यावी लागत नव्हती.

३१ जानेवारी १९२० च्या ‘मूकनायक’च्या पहिल्या अंकात बाबासाहेब आंबेडकरांनी बहिष्कृतांच्या प्रश्नांची चर्चा करणाऱ्या मोजक्या पत्रांची नावे घेतली. त्यांत ‘दीनमित्र’ आहे. ब्राह्मणेतरांच्या पत्रांत बहिष्कृतांना पुरेशी जागा मिळणे शक्य नाही, हेही त्यांनी तिथेच स्पष्ट केले. ‘दीनमित्र’चे मोल सांगताना ही दुसरी बाजू सोडून चालणार नाही.

त्या दशकात सत्यशोधकी पत्रांना बहर आला होता. बडोद्याला भगवंतराव पाळेकरांचे ‘जागृती’, पुण्यात श्रीपतराव शिंद्यांचे ‘विजयी मराठा’, कोल्हापुरात खंडेराव बागलांचे ‘हंटर’. १९३० नंतर केशवराव जेध्यांसारखे पुढारी काँग्रेसमध्ये गेले, चळवळीचा जोर ओसरला आणि बरीचशी पत्रे मिटली. ‘दीनमित्र’ चालू राहिले. स्वातंत्र्य आले, संयुक्त महाराष्ट्र झाला, नगर जिल्ह्यात सहकारी साखर कारखाने उभे राहिले, तरी तरवडीहून अंक निघतच होता. १९६७ मध्ये मुकुंदराव गेले आणि साप्ताहिकही थांबले. एका माणसाने ते जगवले होते, त्यामुळे त्याच्या मागे ते चालवायला संस्था नव्हती.

गेल ऑमव्हेट यांनी सत्यशोधक चळवळीवरचा आपला इंग्रजी ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा ‘दीनमित्र’चे जुने अंक हा त्यांचा एक मोठा आधार होता. सरकारी दप्तरात महसूल, दंगे आणि अर्जविनंत्या सापडतात. पण भटजीविना लग्न लावणाऱ्या, जलशाला जमणाऱ्या, कुलकर्ण्याला जाब विचारणाऱ्या माणसांचे म्हणणे त्यांच्याच बोलीत हवे असेल, तर आजच्या अभ्यासकालाही याच अंकांकडे यावे लागते. तरवडीत मुकुंदरावांच्या नावाने साहित्य पुरस्कार दिले जातात, तिथे राज्यभरातले लिहिणारे येतात. त्यांच्यातल्या कोणी एखाद्या वर्षाचे अंक ओळीने वाचून त्यावर लिहायला हवे.