पट्टा पडद्यावर, पटाईत बाहेर

'पटाईत' हा शब्द आज आपण कोणत्याही कुशल माणसाला लावतो. मुळात तो पट्टा फिरवण्यात तरबेज असलेल्या गड्याचा शब्द आहे. शब्द सर्वांचा झाला; ज्यांनी ती विद्या तालमीत जपली त्यांची नावे मात्र कोणाच्या तोंडी राहिली नाहीत. चित्रपटाने नेमके हेच मोठ्या प्रमाणावर केले, असे मला वाटते.

पुण्याच्या गंज पेठेत लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती. या मातंग वस्तादाकडे जोतीराव फुले दांडपट्टा शिकले. लहुजी १८८१ मध्ये वारले. त्याच्या तीनच वर्षे आधी, १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरवले होते. पोटाची आणि मानाची असलेली ही विद्या हळूहळू मिरवणुकीतला खेळ होऊन बसली. पुढे तिला नवे मैदान मिळाले ते पडद्याचे.

कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. तिचा 'सैरंध्री' १९२० मध्ये पुण्यात लागला. त्यातला भीमाने केलेला कीचकवध एवढा खराखुरा वाटला की प्रेक्षक हबकले. १९२३ मध्ये हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीवरून 'सिंहगड' आला आणि मराठी माणसाने आपला इतिहास पडद्यावर तलवारीसकट पाहिला. याच कंपनीतून मास्टर विठ्ठल पुढे आले. मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीत ते तलवारबाजीच्या चित्रपटांचे बिनीचे नायक झाले आणि १९३१ च्या 'आलम आरा'चेही नायक तेच होते. लोक त्यांना हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हणत. फेअरबँक्स म्हणजे १९२० च्या 'मार्क ऑफ झोरो'चा अमेरिकन नट. कोल्हापुरातून आलेल्या नटाच्या तलवारीचे कौतुक करायलाही मापटे अमेरिकेचेच लागले! दांडपट्ट्याच्या वस्तादांची परंपरा हाताशी असताना लहुजींचे नाव कोणाला आठवले नाही.

आता याच वर्षांत खऱ्या शिपायाचे काय चालले होते ते पाहू. त्यासाठी मला दूर जावे लागत नाही. माझे गाव बुरोंडी, तालुका दापोली. दापोली कॅम्पात इंग्रजी फौजेतून निवृत्त झालेल्या महार पेन्शनरांची वस्ती होती. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर इथेच राहिले आणि बाळ भीमरावाचे काही बालपण इथे गेले. १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. लढाऊ जातींच्या यादीत ते बसत नाहीत, हे कारण. कोरेगावच्या विजयस्तंभावर ज्यांची नावे कोरली त्यांच्याच नातवंडांना हे ऐकवले गेले. दापोलीच्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये याविरुद्ध अर्ज तयार केला आणि आपण मूळचे क्षत्रिय असल्याचा दावा मांडला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज सरली आणि १९२१ मध्ये ती मोडली. म्हणजे हाडामांसाचा शिपाई घरी पाठवल्यावर दोनच वर्षांनी 'सिंहगड'ची तलवार टाळ्या घेत होती. महार रेजिमेंटसाठी १९४१ साल उजाडावे लागले.

आमच्या बुरोंडीजवळ परशुरामाचा भव्य पुतळा आहे. पर्यटक त्याच्यापुढे हौसेने फोटो काढतात. त्याच्या हातातल्या परशूकडे पाहून, तुझी जात लढाऊ आहे काय, असे त्याला कोणी विचारत नाही. शस्त्र कोणाच्या हातात शोभते, हे इथे आधीच ठरलेले असते.

अमेरिकेतही वेगळे घडले नाही. १९४५ च्या 'ब्लड ऑन द सन'मध्ये जेम्स कॅग्नी हा गोरा नायक टोकियोत जपानी पोलीस अधिकाऱ्याला ज्युडोने लोळवतो. हॉलिवूडच्या पडद्यावर ज्युडो ठळकपणे आलेल्या पहिल्या काही चित्रपटांत याची गणना होते. तो 'जपानी' अधिकारी होता रंग फासलेला गोरा नट, जॉन हॅलोरन. आणि ज्यांची ही विद्या ते सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाचे लोक १९४२ पासून काटेरी तारांच्या छावण्यांत कोंडलेले होते. चित्रपट आला तेव्हा त्या छावण्या अजून पुरत्या उठल्या नव्हत्या. विद्या हवी, वारसदार नको! १९६६ मध्ये 'ग्रीन हॉर्नेट' या दूरदर्शन मालिकेत ब्रूस ली आला तो मालकाची गाडी हाकणारा, तोंडावर मुखवटा घातलेला कॅटो म्हणून. हाणामारी नोकराची, मालिकेचे नाव मालकाचे.

१९७३ च्या 'एंटर द ड्रॅगन'ने हे बरेच मोडले. ब्रूस ली नायक झाला, आणि त्याच्यासोबत जिम केली हा काळा कराटेपटू आला. त्याचा विल्यम्स रस्त्यात अडवणाऱ्या गोऱ्या पोलिसांना झोडपतो आणि त्यांचीच गाडी घेऊन निघून जातो. आदल्याच वर्षी मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली होती, आणि तिचे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेले होते. त्या प्रसंगाचा अर्थ आपल्या वस्त्यांतल्या पोरांना कोणी समजावून सांगावा लागत नाही. तरीही हा विल्यम्स चित्रपट संपण्याच्या बराच आधी मारला जातो आणि जोडीदार गोरा रोपर शेवटपर्यंत जिवंत राहतो. केली स्वतः नायक झाला तो १९७४ च्या 'ब्लॅक बेल्ट जोन्स'मध्ये.

माझ्या वर्गातली मुले मोबाइलवर हे सगळे पाहतात आणि कराटेच्या पट्ट्यांचे रंग घडाघडा सांगतात. त्यांना मी एक काम दिले आहे. आपापल्या गावात लाठी, पट्टा, लेझीम कोण शिकवत असे, त्याचे नाव, वाडी आणि शिष्य वहीत उतरवून आणायचे. आतापर्यंत अकरा वह्या भरल्या आहेत.