परसातल्या कोंबड्या (लेखांक 9) : श्रावणातली अंडी

श्रावण लागून आज नववा दिवस. आमच्या घरात आषाढ अमावास्येनंतर अंडं चुलीवर चढलेलं नाही, ते आता गणपती गेल्यावरच चढेल. खुराड्यातल्या सातजणी मात्र रोजच्यासारख्या अंडी घालताहेत. सकाळी फळी उचलली की पेंढ्यात चार, एखाद्या दिवशी पाच अंडी असतात. दिवसाला चार धरली तरी चाळीस दिवसांत एकशे साठ होतात. एवढ्या अंड्यांचं करायचं काय, हा या लेखमालेत सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न आहे. आजचा अख्खा लेख त्यालाच देते.

आमच्या आज्जीला हा प्रश्न कधी पडला नाही. तिच्याकडे सगळ्या गावरान कोंबड्या. गावरान कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते, म्हणजे उबवायला बसते, मग अंडी बंद. वर्षाला साठ-सत्तर अंडी मिळाली तरी पुष्कळ, आणि आजऱ्याच्या पावसात तर खुराडं जवळजवळ रिकामंच. जी चार-दोन अंडी मिळायची ती आज्जी तांदळाच्या कणगीत घनसाळ तांदळात खुपसून ठेवायची. तेवढ्यांना तेवढं पुरत होतं. आता माझ्याकडे गावरान दोनच आहेत. बाकी पाच गिरिराज, बंगळुरूच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली जात. ती वर्षाला दीडशेच्या आसपास अंडी देते आणि खुडूक व्हायचं सहसा नाव घेत नाही. कोंबडी नवी आली, पण अंडी ठेवायची रीत आज्जीच्याच काळातली राहिली. तिथेच घोटाळा होतो.

माझाही झाला होता. पहिल्या वर्षीच्या श्रावणात मी रोजची अंडी नळाखाली स्वच्छ धुऊन, पुसून, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवत गेले. पंधराव्या दिवशी झाकण काढलं तर कुबट वास, आणि कवचांवर काळपट-हिरवे ठिपके. एक फोडून पाहिलं तर बुरशी आतल्या पापुद्र्यापर्यंत पोचलेली. तीसेक अंडी शेणखड्ड्यात पुरावी लागली. कोंबडीने रोज एक करून दिलेली वस्तू आपल्या हलगर्जीने मातीत जावी, याचं मला आजही वाईट वाटतं.

चूक कुठे झाली ते कळायला अंड्याचं कवच नीट बघावं लागतं. गुळगुळीत दिसणाऱ्या त्या कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. पिल्लाला त्यांतूनच श्वास मिळायचा असतो. अंडं बाहेर पडताना त्यावर एक ओलसर थर येतो आणि दोन-चार मिनिटांत वाळून छिद्रांची तोंडं झाकतो. ताजं अंडं हातात घेतलं की जो मेणचट, निस्तेज स्पर्श लागतो तो याच थराचा. पाण्याने चोळलं की तो जातो. वर पाणी अंड्यापेक्षा गार असेल तर आतला ऐवज आकसतो आणि बाहेरची घाण छिद्रांतून आत ओढली जाते. त्यात पावसाळी दमट हवा आणि बंद डबा, म्हणजे बुरशीला रान मोकळं. युरोपातल्या बहुतेक देशांत दुकानात विकायची अंडी धुवायला याच कारणासाठी मनाई आहे. अमेरिकेत धुतात, पण धुतल्यापासून गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत ती थंडाव्यातच ठेवावी लागतात.

म्हणून पहिला नियम : टिकवायचं अंडं धुऊ नये. विष्ठा चिकटली असेल तर कोरड्या काथ्याने हलकेच घासावी. फारच बरबटलं असेल तर ते त्याच दिवशी वापरावं किंवा कुणाला देऊन टाकावं. खरं तर काम त्याच्याही आधी सुरू होतं. अंडी घालायच्या जागी दर दोन दिवसांनी कोरडा पेंढा घातला तर अंडी घाण होतच नाहीत.

दुसरा नियम पेन्सिलीचा. खुराड्यातून आणलं की अंड्याच्या रुंद टोकावर तारीख लिहायची. शाई नको, ती छिद्रांतून आत उतरते. माझ्या मते जास्तीच्या अंड्यांचं निम्मं काम या तारखेने होतं, कारण कुठलं अंडं कशासाठी वापरायचं हे त्याच्या वयावरून ठरतं. अंडं शिळं होतं म्हणजे दोन गोष्टी घडतात. आतलं पाणी थोडं थोडं उडून जातं आणि तेवढी हवा रुंद टोकाशी जमते. त्याचबरोबर आतला कार्बन डायऑक्साइड निसटतो, पांढरं पातळ होतं आणि पापुद्र्याची कवचाला धरलेली पकड सुटते. कालचं अंडं उकडलं तर सोलताना निम्मं पांढरं टरफलाबरोबर जातं, आणि आठ-दहा दिवसांचं गोटीसारखं गुळगुळीत निघतं, ते यामुळेच. उकडायला जुनी अंडी घ्यावीत, अर्धं कच्चं खायचं किंवा तव्यावर नुसतं फोडायचं तर कालचं-परवाचं. तारीख पुसली गेली तर तांब्याभर पाण्यात सोडून बघा. आडवं तळाला बसलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं, तरंगलं तर फारच जुनं. ही परीक्षा वय सांगते, नासलंय की नाही ते सांगत नाही. त्यासाठी वेगळ्या वाटीत फोडून नाकाला विचारावं.

तिसरी गोष्ट कोंबड्याची. अंडी घालायला कोंबडीला कोंबडा लागत नाही, हे अजून पुष्कळांना पटत नाही. कोंबडा असला की अंडी फलित होतात, आणि फलित अंड्यातला गर्भ उबदार हवेत हळूहळू वाढायला लागतो. असं अंडं टिकायला कच्चं. अंडी साठवायची ठरली असतील तर आषाढाच्या मध्यावरच कोंबडा वेगळ्या डालग्याखाली घालावा. तो वेगळा केला तरी पुढे दोन-तीन आठवडे फलित अंडी येत राहतात, म्हणून ही तयारी आधीपासून हवी.

आता साठवण. फ्रीज असेल तर न धुतलेली अंडी, निमुळतं टोक खाली करून, चार-पाच आठवडे चांगली राहतात. दाराच्या कप्प्यात मात्र ठेवू नयेत, दार उघडलं की तिथे गारवा मोडतो. आणि एकदा फ्रीजमध्ये गेलेलं अंडं बाहेर काढून ओट्यावर ठेवू नये. त्यावर दव धरतं, आणि ओलं कवच म्हणजे पुन्हा तीच धुतलेल्या अंड्याची गत. अंडी फेटून, डझनाला दोन चिमटी मीठ घालून, डब्यात गोठवताही येतात. मीठ घातलं नाही तर बलक चिकट गोळा होऊन बसतो. आमच्याकडे श्रावणात लाईट गेली की दुसऱ्या दिवशीच येते असे प्रकार होतात, म्हणून मी या वाटेला जात नाही. शहरातल्यांनी जरूर जावं.

फ्रीज नसलेल्यांसाठी मातीचं मडकं आहे. न्हाणीजवळच्या सावलीत ओल्या वाळूत मडकं अर्धं पुरायचं, तळाशी पेंढा घालून अंडी ठेवायची, वर सुती फडकं बांधायचं. वाळू ओली ठेवली की मडकं गार राहतं. उन्हाळ्यात याचा फार उपयोग होतो. पावसाळ्यात हवाच दमट असल्याने गारवा कमी मिळतो. तेलाचा हातही चालतो. ज्या दिवशीचं अंडं त्याच दिवशी, शेंगदाण्याच्या तेलाचे दोन थेंब तळहातावर घेऊन सगळीकडून चोळायचं. छिद्रं बुजतात आणि अंडं बाहेरच्या हवेत दोन-तीन आठवडे निभावतं.

सगळ्यात जुनी आणि मला सगळ्यात भरवशाची वाटणारी रीत चुन्याची. फ्रीज येण्याआधी युरोप-अमेरिकेतल्या घरांत चुन्याच्या निवळीत अंडी बुडवून हिवाळा काढत. कुक्कुटपालनाच्या आपल्याकडच्या पुस्तकांतही तिचं एक रूप सापडतं. 1 किलो चुनकळीवर 1 लिटर उकळतं पाणी घालायचं, थंड झाल्यावर आणखी 5 लिटर पाणी आणि पाव किलो मीठ मिसळायचं, आणि गाळ बसला की वरची निवळ फडक्यातून गाळून घ्यायची. त्यात स्वच्छ, न तडकलेली अंडी 16 ते 18 तास बुडवायची, मग काढून सावलीत वाळवायची. अंड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड चुन्याला भेटला की छिद्रांच्या तोंडाशी कॅल्शियम कार्बोनेटची पूड धरते. ज्या पदार्थाचं कवच, त्याच पदार्थाचं बूच. अशी अंडी घरातल्या हवेत तीन-चार आठवडे राहतात. खाताना पूर्ण शिजवून खावीत, आणि उकडण्याआधी रुंद टोकाला सुईने टोचावं, कारण आतल्या हवेला निघायला वाट राहिलेली नसते आणि कवच फुटतं.

चुनकळीवर पाणी पडलं की ती उकळते आणि उडते. डोळ्यात थेंब गेला तर डोळा जाऊ शकतो. म्हणून लोखंडी बादली घ्यावी, उघड्यावर, मुलांना आत पाठवून, चष्मा लावून हे काम करावं, आणि पाणी लांबून थोडं थोडं घालावं.

एका गोष्टीला माझा ठाम विरोध आहे. उकडलेली अंडी व्हिनेगरमध्ये घालून महिनाभर फडताळात ठेवायची कृती हल्ली फिरते आहे. 1997 साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात एका माणसाला अशाच घरगुती अंड्यांतून बोट्युलिझमची विषबाधा झाली. त्याने अंड्यांना काडीने टोचे मारले होते आणि बरणी बाहेर ठेवली होती. आंबटपणा बलकापर्यंत पोचायच्या आत जंतूंनी तिथे विष केलं. हे विष वासाने कळत नाही. अंड्याचं लोणचं घालायचंच असेल तर ते फ्रीजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा.

राहिली विक्री. श्रावणात बाजारात अंड्याला उठाव नसतो, भाव पडतो. मोठे पोल्ट्रीवाले माल शीतगृहात टाकतात, आपल्याला ते जमणारं नाही. पण गावात श्रावण न पाळणारी घरं असतातच. आमच्या खालच्या आळीतल्या ख्रिस्ती मावशी वाढदिवसांच्या पुडिंगसाठी एका वेळी दोन-दोन डझन नेतात. मशिदीजवळच्या चहावाल्या चाचांकडेही काही जातात. यांना मी आठवड्याच्या आतलीच अंडी देते, जुनी कधीच नाही. पारशी स्वयंपाकात भेंडीवर, बटाट्यावर, टोमॅटोवर, कशावरही अंडी फोडून झाकण ठेवतात. ती रीत मी चाचींना सांगितली, आता त्यांच्याकडे भेंडीबरोबर सहा अंडी उठतात.

काही अंडी विकायची नसतात. समोरच्या घरी बाळंतीण आहे, तिला एक दिवसाआड चार. पलीकडच्या वाडीत क्षयाचं औषध चालू असलेला एक तरुण आहे, त्याच्या आईकडे आठवड्याला डझनभर. पन्नास ग्रॅमच्या अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात, आणि औषध घेणाऱ्या अंगाला ती हवीच असतात. आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. त्यामुळे माझी टोपली कधी अळूची पानं, कधी नाचणीचं पीठ, कधी चार काकड्या घेऊन परत येते.

एवढं करूनही खुराड्यात कुणी खुडूक झाली तर तिच्याखाली लगेच अंडी घालायचा मोह होतो. श्रावणात घालू नका. एकवीस दिवसांनी पिल्लं निघतील तेव्हा जमीन ओलीगच्च असेल, आणि ओल्या जमिनीवरच रक्ती हगवण पिल्लं नेते. तिला चार दिवस जाळीच्या पिंजऱ्यात, खाली पेंढा न घालता ठेवलं की पोटाखालची ऊब मोडते आणि खुडूकपणा जातो. गणेश चतुर्थीच्या सुमाराला बसवली तर पिल्लं पितृपंधरवड्यात निघतात, पाऊस ओसरायच्या बेताला. बसवायची अंडी सात दिवसांच्या आतली, फ्रीजमध्ये न गेलेली, मध्यम आकाराची, एका कोंबडीखाली दहा-बारा. ही अंडी फलित हवीत, म्हणून कोंबडा त्याआधी दोन आठवडे पुन्हा मोकळा सोडायला हवा. सातव्या रात्री अंधाऱ्या खोलीत अंड्याच्या रुंद टोकाला टॉर्च लावा. लालसर उजेडात मधे एक गडद ठिपका आणि त्यातून कोळ्याच्या जाळ्यासारख्या निघालेल्या शिरा दिसल्या तर अंडं धरलंय. नुसता पिवळा उजेड आरपार दिसला तर ते काढून टाका.

आज पडवीतल्या टोपलीत एकोणीस अंडी आहेत. सात चाचांची, चार बाळंतिणीची, आठ संध्याकाळी निवळीत जातील.

पुढच्या आठवड्यात पिसं झडण्याबद्दल. काहींच्या कोंबड्या आत्ताच बोडक्या दिसायला लागल्या असतील. घाबरू नका, पण खाद्यात शेंगदाण्याची पेंड वाढवायला आजपासूनच सुरुवात करा.