स्वस्त बोर्ड घ्या, पण पारखून

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तुम्ही मायक्रोकंट्रोलरचे बोर्ड मागितलेत, की दुकानदार बहुधा दोन बोर्ड पुढे ठेवतो. दिसायला जवळजवळ सारखे; किमतीत मात्र मोठा फरक! मग स्वस्तातले नकली समजायचे काय?

तसे नाही. आर्डुइनोचा जन्म २००५ साली इटलीतील इव्हरेआ येथल्या एका डिझाइन संस्थेत झाला. इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या विद्यार्थ्यांनाही ते वापरता यावे आणि परवडावे, हा हेतू. म्हणून निर्मात्यांनी बोर्डाचे आराखडे सर्वांना खुले केले. ते पाहून कोणीही बोर्ड बनवून विकावे. फक्त 'आर्डुइनो' हे नाव व चिन्ह त्यावर छापू नये. परवानगीवाचून नाव छापले असेल, तरच ते नकली.

'उनो आर३' आणि त्याबरहुकूम बनवलेले स्वस्त बोर्ड, दोहोंवर एटीमेगा३२८पी हाच मायक्रोकंट्रोलर असतो. प्रोग्रॅमसाठी ३२ किलोबाइट जागा, वेग १६ मेगाहर्ट्‌झ. बचत केलेली असते ती यूएसबीच्या भागात. तेथे बहुधा सीएच३४० ही स्वस्त चिप असते आणि तिच्यासाठी काही संगणकांत वेगळा ड्रायव्हर घालावा लागतो. तरीही संगणक बोर्ड ओळखेना, तर आधी केबल बदलून पाहा. मोबाइल चार्ज करण्याच्या काही केबलींत माहिती वाहणाऱ्या तारा मुळी नसतातच! अशा केबलीपायी चांगले बोर्ड अडगळीत टाकू नका.

बोर्ड खरोखर बिघडते ते आपल्याच घाईने. उनोच्या एका पिनेतून २० मिलिअँपिअरपेक्षा जास्त धारा घेऊ नये. लाल एलईडीवर सुमारे २ व्होल्ट खर्च होतात, ५ पैकी उरतात ३. मधे २२० ओहमचा रोध जोडला, तर ओहमच्या नियमाने धारा होते ३ ÷ २२०, म्हणजे सुमारे १४ मिलिअँपिअर. काळजी नाही. खेळण्यातली मोटर मात्र थेट पिनेला कधीही जोडू नका. तिला ट्रान्झिस्टर आणि वेगळी बॅटरी हवी.

त्याच दुकानात 'रास्पबेरी पाय पिको' हे चिमुकले हिरवे बोर्डही मिळेल. २०२१ मध्ये ते अवघ्या ४ डॉलरला आले. त्याची स्मृती २६४ किलोबाइट, उनो आर३ची २! पण पिकोच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ संवेदक ५ व्होल्टवर चालतो आणि त्याच्या 'एको' पिनेतून ५ व्होल्टच परत येतात. ते सरळ पिकोला दिले, तर बोर्ड जळू शकते. म्हणून एकोपासून १ किलोओहम आणि पुढे २ किलोओहमचा रोध भूमीपर्यंत जोडा, आणि दोहोंच्या सांध्यावरून पिकोकडे तार न्या. तेथे ५ × २/३, म्हणजे सुमारे ३.३ व्होल्टच मिळतात.