लहान मुलांचा ब्रश

आयसीयूच्या दारातून सिस्टरने चिठ्ठी पुढे केली. डायपर, टिश्यू आणि लहान मुलांचा, मऊ ब्रश. मुलगा बुचकळ्यात पडला.

"बाबा बेशुद्ध आहेत ना? मग ब्रश कशाला?"

"त्यांच्यासाठीच हवाय, दादा. आणा तुम्ही."

त्याच्या वडिलांना मेंदूत रक्तस्राव झाला होता. व्हेंटिलेटरवरचा पाचवा दिवस. त्या रात्री मला आत बसायची परवानगी मिळाली होती.

आपण झोपेतसुद्धा लाळ गिळतो. थेंब चुकून श्वासनलिकेकडे वळलाच तर ठसका लागतो. अशा मोठ्या स्ट्रोकमध्ये अनेकदा गिळणं जातं, ठसकाही जातो. त्यात स्वरयंत्रातून घातलेली नळी वाट उघडीच ठेवते. नळीच्या टोकाजवळ एक फुगा असतो, त्याला कफ म्हणतात; खोकल्यातल्या कफाशी त्याचा संबंध नाही, पण मराठीत गोंधळ व्हायचाच. हे बूच घट्ट बसतं असं मला वाटायचं. प्रत्यक्षात त्याच्यावर लाळेचं तळं साचतं आणि फुग्याच्या चुण्यांतून तोंडातले जंतू खाली झिरपतात. व्हेंटिलेटरवर 48 तास उलटल्यानंतर होणारा न्यूमोनिया बहुतेक असाच येतो.

म्हणून सिस्टर फुग्याचा दाब मोजते: पाण्याच्या 20 ते 30 सेंटिमीटरच्या आत. कमी झाला तर गळती, जास्त झाला तर श्वासनलिकेला इजा. पलंगाची डोक्याकडची बाजू निदान 30 अंश वर. पण माणूस तासाभरात घसरत खाली येतो; मग मावशी आणि सिस्टर चादरीची टोकं धरून त्याला वर ओढतात. रात्रीत चार वेळा मी हे पाहिलं.

मग सक्शन. बारीक नळी आत जाते, ओढ सुरू करून बाहेर येते. 15 सेकंदांच्या आत सगळं उरकायचं. तेवढ्यातही मॉनिटरवरचा ऑक्सिजन 97 वरून 91 वर आला. माझाच श्वास अडकला होता. काल पांढरं येत होतं, आज पिवळं आणि घट्ट. ताप 101. पण ताप मेंदूतल्या रक्तस्रावानेही येतो आणि एक्स-रेतला पांढरा डाग म्हणजे नुसतं मिटलेलं फुफ्फुसही असू शकतं. डॉक्टरांनी स्राव कल्चरला पाठवला. रिपोर्टला दोन-तीन दिवस. तोवर अँटिबायोटिक अंदाजानेच.

2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच चाचणीत मेंदूला इजा झालेल्या रुग्णांना सुरुवातीलाच सेफ्ट्रिअॅक्सोन या अँटिबायोटिकचा एकच डोस दिला, तेव्हा लवकर होणारा असा न्यूमोनिया 32 टक्क्यांवरून 14 वर आला. हे मी सांगितल्यावर डॉक्टर हसले. "आपल्या आयसीयूतले क्लेब्सिएला आणि अॅसिनेटोबॅक्टर हे जंतू त्याला कुठे जुमानतात?"

ब्रशची पाळी पहाटे आली. एका हातात ब्रश, दुसऱ्यात सक्शन. दाढांच्या मागे, हिरड्यांवर, नळीच्या कडेकडेने, घाई न करता. पूर्वी क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने तोंड पुसायचा रिवाज होता. 2022 च्या अमेरिकी शिफारशींनी तो बाजूला ठेवला, ब्रश मात्र राहिला.

साडेपाचला मुलगा दाराशी आला. "ब्रश चालला का?"

"चालला. अजून एक आणून ठेवा," म्हणत सिस्टर हात धुवायला वळली. शेजारच्या पलंगाचं सक्शन बाकी होतं.