उकिरडा आणि लढाऊ विमान

१६ नोव्हेंबर २०१९ रोजी गोव्यात दाबोळीच्या 'आयएनएस हंसा' तळावरून प्रशिक्षणासाठी निघालेले नौदलाचे मिग-२९के हे विमान उड्डाणानंतर थोड्याच वेळात वेर्ण्याजवळच्या खडकाळ पठारावर कोसळले. पक्ष्यांचा थवा आडवा आला, एक इंजिन बंद पडले, दुसऱ्याने पेट घेतला. विमान सावरायला लागणारी उंची हाताशी नव्हती. दोन्ही वैमानिक वेळीच बाहेर पडले म्हणून बचावले. अशी बातमी आली की आपण विमानाची बनावट, वैमानिकाचे कौशल्य, इंजिनाची ताकद यांवर बोलतो. पक्षी त्या चर्चेत असतो तो केवळ दुर्दैव म्हणून, अचानक आडवा आलेला. पण पक्षी कुठेही आणि कधीही योगायोगाने नसतो. अन्न, पाणी, निवारा आणि वर चढणारी गरम हवा जिथे मिळते तिथे तो असतो, आणि यातल्या अन्नाचा पुरवठा बहुतेक वेळा आपणच केलेला असतो. म्हणून हा प्रश्न विमानशास्त्राइतकाच जीवशास्त्राचा आहे, आणि त्याचे उत्तर तळाच्या कुंपणाआत जेवढे आहे त्याहून अधिक कुंपणाबाहेरच्या गावांत, बाजारांत आणि गोठ्यांत आहे.

एवढासा जीव एवढ्या मोठ्या यंत्राला भारी का पडतो, याचे उत्तर शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. धडकेची ऊर्जा वस्तुमानाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग दुप्पट झाला की आघात चौपट होतो. ताशी ७०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला पाच किलोचे गिधाड धडकले तर सुमारे ९५ हजार ज्यूल ऊर्जा मोकळी होते. एक टन वजन साडेनऊ मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, खाली सोडावे तेवढी ही ऊर्जा. प्रवासी विमानाचा बहुतेक प्रवास पक्ष्यांच्या थरांच्या वर होतो, उतरताना आणि चढताना तेवढा धोका. लढाऊ विमानाला मात्र सरावासाठी मुद्दाम कमी उंचीवरून आणि मोठ्या वेगाने जावे लागते, म्हणजे पक्षी जिथे सर्वाधिक तिथेच ते सर्वांत वेगवान असते. त्यात मिग-२१ सारखे विमान एकाच इंजिनावर चालायचे, ते बंद पडले की दुसरा आधार नसे. २२ सप्टेंबर १९९५ रोजी अलास्कातल्या एल्मेंडॉर्फ तळावर अमेरिकी हवाई दलाच्या ई-३ विमानाच्या इंजिनांत कॅनडा जातीचे हंस शिरले आणि विमानातले चोवीसही जण ठार झाले. त्या विमानाला चार इंजिने होती.

या प्रश्नाकडे जीवशास्त्राच्या अंगाने पाहण्याची भारतातली मोठी सुरुवात मुंबईत झाली, हे महाराष्ट्राने अभिमानाने सांगावे असे आहे. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८० च्या दशकात भारतीय विमानतळांवरच्या पक्षिधोक्याचा परिस्थितिकीय अभ्यास हाती घेतला. संरक्षण मंत्रालयाच्या वैमानिकी संशोधन व विकास मंडळाने त्याला पैसा दिला, सलीम अली यांचे मार्गदर्शन लाभले, आणि रॉबर्ट ग्रुभ यांच्यासारख्या संशोधकांनी प्रत्यक्ष काम केले. या दृष्टीने तळाकडे पाहिले की 'पक्षी' नावाचा एक शत्रू उरत नाही, वेगवेगळ्या गरजा असलेल्या वेगवेगळ्या जाती दिसू लागतात. गिधाड येते ते मेलेली जनावरे टाकण्याच्या जागेमुळे आणि कत्तलखान्याच्या टाकाऊ मालामुळे. घार येते ती कचऱ्याच्या ढिगामुळे आणि मटण-मासळीच्या दुकानांमागे फेकलेल्या तुकड्यांमुळे. टिटवीला धावपट्टीकडेचे आखूड गवत आणि त्यातले किडे हवे असतात, अंडीही ती उघड्या जमिनीवरच घालते. पावसाळ्यात गांडुळे आणि पंख फुटलेली वाळवी बाहेर पडली की साळुंक्या, बगळे, टिटव्या एकदम वाढतात. गवत उंच ठेवावे तर उंदीर वाढतात आणि उंदरांमागे शिकारी पक्षी येतात. वेळेचेही तसेच. गिधाडे आणि घारी पंख फारसे न हलवता तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेच्या झोतांवर चढतात, त्यामुळे सकाळी उशिरापासून दुपारपर्यंत त्यांचे आकाश भरलेले असते. म्हणजे कुठला पक्षी हे कळल्याशिवाय काय करायचे ते ठरत नाही.

म्हणूनच धडकेनंतर उरलेल्या पिसाला आणि रक्ताच्या डागाला मोल आहे. ४ ऑक्टोबर १९६० रोजी अमेरिकेत बॉस्टनहून उडालेले एक विमान कोसळून ६२ माणसे गेली. इंजिनांतली पिसे स्मिथसोनियन संग्रहालयात रॉक्सी लेबर्न यांच्याकडे गेली. पिसाच्या बुडाशी असलेल्या मऊ तंतूंची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांनी पक्षी ओळखला: हाताच्या मुठीत मावणारी युरोपीय मैना. २९ नोव्हेंबर १९७३ रोजी आयव्हरी कोस्टमधल्या आबिजानवर ३७ हजार फुटांवर एका विमानाला धडकलेला पक्षी आफ्रिकेतले रूपेल गिधाड होते, हेही पिसांवरूनच ठरले. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर उतरवलेल्या विमानाच्या बाबतीत तर पिसांतल्या हायड्रोजनच्या समस्थानिकांवरून कळले की ते हंस शहरात मुक्कामी असलेले नव्हते, उत्तरेकडून आलेले स्थलांतरित होते. हा फरक महत्त्वाचा आहे. स्थानिक पक्ष्याचे अन्न तोडता येते, स्थलांतरिताचे वेळापत्रक पाळावे लागते.

भारतात १९८० ते १९९४ या काळात लष्करी विमानांना गिधाडांच्या ज्या अधिक गंभीर धडका बसल्या, त्यांचा आढावा एस. एम. सतीशन यांनी घेतला होता. गिधाड हा त्या काळी भारतीय वैमानिकाचा सर्वांत जड प्रतिस्पर्धी होता. मग असे काही घडले की जे कोणत्याही प्रयोगशाळेला मुद्दाम घडवता आले नसते. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एक उरली. विभु प्रकाश आणि सोसायटीतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी ही घसरण नोंदवली. २००४ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या शोधनिबंधाने कारण सांगितले. गाईम्हशींना ताप आणि सूज यांवर दिले जाणारे डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जात होते, मूत्रपिंडे निकामी करत होते, आणि अवयवांवर युरिक आम्लाचे पांढरे थर साचून पक्षी मरत होता. शंभर मृत जनावरांत एकापेक्षाही कमी जनावराच्या अंगात हे औषध असले तरी एवढी घसरण होण्यास ते पुरेसे होते.

पक्षी हाच रोग असता तर गिधाडे संपल्यावर आकाश निर्धोक व्हायला हवे होते. तसे झाले नाही. २७ जून २०१९ रोजी अंबाल्याहून उडालेल्या जग्वार विमानाला पक्षी धडकले, एक इंजिन बंद पडले, आणि वैमानिकाने इंधनाच्या जादा टाक्या व सरावाचे छोटे बॉम्ब खाली टाकून विमान सुखरूप उतरवले. पुढच्या वर्षी त्याच तळावर राफेल विमाने आली, तेव्हा हवाई दलाच्या तपासणी व सुरक्षा विभागाच्या महासंचालकांनी हरियाणाच्या मुख्य सचिवांना पत्र लिहून परिसरातला कचरा आणि त्यावर येणारे पक्षी आवरण्याची विनंती केली. त्या काळातली जगातली महागडी विमाने, आणि त्यांच्या रक्षणासाठी मागितली होती ती नीट कचरापेटी! गिधाडाने सोडलेले ताट घारींनी, कावळ्यांनी आणि भटक्या कुत्र्यांनी उचलले. घार गिधाडापेक्षा हलकी असल्यामुळे एकेका धडकेचा आघात कमी झाला, हे खरे. पण थव्याने फिरणाऱ्या हलक्या पक्ष्यांनी इंजिन बंद पडते, हे बॉस्टनने दाखवले होते. आणि त्या 'फायद्या'ची किंमत पाहावी. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाच्या अंदाजानुसार गिधाडे गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख जादा माणसे दगावली, कुजणारी जनावरे, दूषित पाणी आणि वाढलेली कुत्री यांमुळे.

यावर पहिला आक्षेप असा की पक्षी हुसकावून लावावेत, नाहीतर मारावेत. फटाके, गॅसच्या तोफा, लेझर, शिकारी पक्ष्यांच्या हाका हे सगळे तळांवर वापरले जाते आणि उड्डाणाच्या ऐन वेळी उपयोगीही पडते. पण ज्या आवाजामागून इजा होत नाही तो पक्ष्यांच्या लवकरच अंगवळणी पडतो. मारलेल्या पक्ष्याची जागा, अन्न तिथेच असेल तर, दुसरा घेतो. दुसरा आक्षेप यंत्रज्ञांचा आहे: विमानच मजबूत करा. ते होतच असते. प्रवासी विमानाच्या पुढच्या काचेने सुमारे १.८ किलोच्या पक्ष्याचा आघात सोसावा, असा प्रमाणीकरणाचा निकष आहे. मात्र गिधाड त्याच्या अडीचपटीहून जड असते, आणि लढाऊ विमानाचे वजन वाढवत नेले तर ते लढाऊ राहत नाही. तिसरा मार्ग रडारचा. आफ्रिका, युरोप आणि आशिया यांच्या सांध्यावर असलेल्या इस्रायलमधून दर वर्षी कोट्यवधी पक्षी जातात. तिथे योसी लेशेम यांनी रडार, हलकी विमाने आणि पक्षिनिरीक्षक यांच्या मदतीने स्थलांतराचे मार्ग आणि वेळा आखल्या, हवाई दलाने त्याप्रमाणे सराव बदलले आणि धडका लक्षणीय घटल्या. हे अनुकरणीय आहे. पण जे पक्षी वर्षभर एकाच कचऱ्यावर येतात, त्यांच्यासाठी कोणत्या दिवशी उडू नये हे रडार सांगू शकत नाही.

राहता राहिला कायदा. विमान नियम १९३७ मधील नियम ९१ नुसार विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून १० किलोमीटरच्या आत जनावरे कापणे, सोलणे आणि पक्ष्यांना आकर्षित करणारी घाण टाकणे निषिद्ध आहे. व्यवहारी माणूस विचारेल, पुण्याच्या लोहगावभोवती शहर वाढले आहे, तिथे हे शक्य तरी आहे का? लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, तिचा वापर प्रवासी विमानेही करतात, आणि कुंपणाबाहेर अधिकार चालतो तो महापालिकेचा आणि ग्रामपंचायतींचा. दहा किलोमीटरचे संपूर्ण वर्तुळ एका दिवसात निर्मळ होणार नाही, हे मान्य. पण धावपट्टीच्या दोन्ही टोकांसमोरच्या चढत्या-उतरत्या मार्गाखालच्या पट्ट्यापासून सुरुवात करता येते. तिथला ओला कचरा झाकून आणि रोज उचलणे, मांसविक्रेत्यांचा टाकाऊ माल बंद वाहनातून नेणे, मेलेले जनावर उघड्यावर न पडू देणे, एवढ्यानेही पक्ष्यांचे ताट बरेचसे रिकामे होते. यातले एकही काम संरक्षण खात्याच्या अंदाजपत्रकातले नाही.

वारणेच्या खोऱ्यातल्या कोडोलीसारख्या गावाला हे दूरचे वाटेल. कोल्हापूरचा १९३९ पासूनचा विमानतळ उजळाईवाडीला आहे, नागरी आहे, आणि कोडोली त्याच्या दहा किलोमीटरच्या वर्तुळाबाहेर आहे. पण गिधाड कायद्याचे वर्तुळ पाळत नाही, एका दिवसात ते शंभर किलोमीटरही फिरू शकते. शेजारी वारणानगरचा दूध व्यवसाय, उसाइतकाच दुधाचा आधार असलेली घरे आणि दाराशी बांधलेल्या म्हशी हीच ती जागा आहे जिथे गिधाडाला घातक ठरणाऱ्या औषधाचा निर्णय होतो. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. माणसांच्या औषधाच्या मोठ्या कुप्या गोठ्यात वापरल्या जाऊ लागल्या म्हणून २०१५ मध्ये कुपीचा आकार ३ मिलीपुरता ठेवला गेला. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकही जनावरांसाठी बंद झाले. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित असल्याचे २००६ पासून ठाऊक आहे.

शेवटचा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे: पिंजोरच्या प्रजनन केंद्रातली गिधाडे २०२४ मध्ये पेंच आणि ताडोब्याला आणली, ती वाढली तर विमानांचा जुना धोका परत येणार नाही का? येईल, जर आपण जनावरे पुन्हा धावपट्टीजवळच्या माळावर टाकली तर. जंगलाच्या आसपास सुरक्षित खाद्य मिळाले आणि तळाजवळ काहीच मिळाले नाही, तर गिधाड आणि विमान आपापल्या आकाशात राहू शकतात. अंगावर लावलेल्या उपग्रहयंत्रांमुळे गिधाडांचे मार्गही आता कळू शकतात. म्हणून संरक्षण खात्याने दर विमानाच्या किमतीतला एक छोटा वाटा तळाभोवतीच्या घनकचऱ्यासाठी आणि कायमस्वरूपी पक्षिशास्त्रज्ञांसाठी राखून ठेवावा. आणि वाचकांनी जनावराला सुई टोचण्यापूर्वी आपल्या पशुवैद्याला औषधाचे नाव विचारावे, मेलॉक्सिकॅमचा आग्रह धरावा, आणि मेलेले जनावर उघड्यावर टाकले जात असेल तर पुढच्या ग्रामसभेत तो विषय मांडावा.