आकडे पाठ, मोजणी कच्ची

तीन-साडेतीन वर्षांचे मूल पाहुण्यांसमोर एक ते वीस घडाघडा म्हणून दाखवते, याचे घरच्यांना कौतुक वाटणे स्वाभाविक असले, तरी त्याच मुलाला चार चमचे आणायला सांगितल्यास ते पुष्कळदा हाताला येतील तेवढे घेऊन येते. कारण संख्यानामांची ओळ पाठ असणे वेगळे आणि त्या नामांनी किती वस्तूंचा बोध होतो हे उमगणे वेगळे. रॉशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ च्या आपल्या ग्रंथात मोजणीची जी तत्त्वे मांडली, त्यांपैकी ‘एकास एक संगती’, म्हणजे प्रत्येक वस्तूस एकच संख्यानाम देणे, हे जेवणाची पाने घेताना दर ताटात एक वाटी ठेवणाऱ्या मुलाच्या सहज अंगवळणी पडते. दुसरे तत्त्व अधिक अवघड आहे: शेवटी उच्चारलेले नाम हीच एकूण संख्या असते, हे न कळलेले मूल वाट्या मोजून झाल्यावर ‘मग किती झाल्या?’ असे विचारताच पुन्हा ‘एक, दोन’ सुरू करते. अशा वेळी रागावण्याऐवजी पालकाने सगळ्या वाट्यांभोवती हात फिरवून ‘म्हणजे चार वाट्या’ असे म्हणावे, एवढेच पुरेसे असते.

सोंगट्यांचे खेळही उपयोगी आहेत, मात्र ते खेळण्याची रीत महत्त्वाची. गीता रमाणी आणि रॉबर्ट सीग्लर यांच्या २००८ च्या अभ्यासात एक ते दहा अंकांच्या सरळ पटावर घरातील अंक मोठ्याने म्हणत खेळलेल्या मुलांची संख्यांची जाण सुधारली, तर रंगांच्या पटावर खेळलेल्यांची सुधारली नाही. सापशिडीत पाचवरून दोन घरे जाताना ‘एक, दोन’ न म्हणता ‘सहा, सात’ म्हणायला लावणे म्हणूनच हिताचे.

विसापुढे मराठी मुलाची वाट अधिकच बिकट होते, कारण ‘एकवीस’मध्ये एकक आधी उच्चारला जातो आणि लिहिताना दशक आधी येतो. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनपद्धत आणली, तेव्हा तिच्यावर भाषाभिमानाच्या अंगाने बरीच चर्चा झाली, मुलांच्या अडचणीविषयी त्या मानाने कमी. घरी या वादात पडण्याचे कारण नाही. चिंचोक्यांचे दहा-दहांचे दोन ढीग आणि शेजारी सुटा एक मांडला, की दोन्ही नावे एकाच राशीची आहेत हे दिसते, आणि सहा ढिगांतून एक चिंचोका उचलून घेतला, की एकोणसाठही उलगडते.